झाडलेल्या पानांची नाणी

माझी बायको दुपारी ओट्यावर बसून मोबाईलमध्ये पपईला पाणी घालत होती, तेव्हा मला या खेळाचा पहिल्यांदा पत्ता लागला.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक आहे, शहाद्याच्या स्टँडवर. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, आलेल्या-गेलेल्या गाड्यांची नोंद करायची आणि माईकवरून सांगायचं: तळोद्याची गाडी कुठल्या फलाटावर लागली, नंदुरबारची सुटली का, तोरणमाळची आज आहे की नाही. त्या दिवशी सकाळची पाळी संपवून घरी आलो होतो. बायको चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून मोबाईलवर बोट फिरवत होती आणि मधूनच स्वतःशी हसत होती.

"काय करी ऱ्हायनी?" मी विचारलं.

"पपईले पानी घाली ऱ्हायनू."

"पपई तर आपण मागल्या साली मोडली."

"ती नई. हाई दखा."

तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक छोटी वाडी होती. झोपडी, विहीर, चार झाडं, एक गाय. लुगडं नेसलेली एक बाई बादली घेऊन झाडापाशी उभी होती. बायकोनं बोट लावलं की ती बादली ओतायची. हजारो माणसं हा खेळ खेळतात, प्रत्येकाची अशी एक वाडी असते, मध्ये नदी आहे आणि नावेत बसून एकमेकांकडे जाता येतं, असं तिनं मला सांगितलं. मी हसलो. घरची दहा बिघे जमीन माझा भाऊ कसतो, बायको तिकडे वर्षात दोनदा फिरकत नाही, आणि इथे ही काचेवर शेती करते!

"शेजारनी वाडी कोनी शे?" मी सहज विचारलं. तिच्या वाडीशेजारी एक जास्त डेरेदार वाडी दिसत होती.

तिनं मोबाईल पालथा करून मांडीवर ठेवला.

"पोरनी," ती म्हणाली.

आमच्या घरात हा शब्द बरेच दिवस कुणी उच्चारला नव्हता.

आमची मुलगी एकुलती एक. नर्स झाली, वर डोंगरात, तोरणमाळला, सरकारी दवाखान्यात लागली आणि तिथल्याच एका मुलाशी तिनं कोर्टात लग्न केलं. मुलगा पावरा आदिवासी आहे, शिकलेला आहे, नोकरी करतो. आमची पाटलांची भावकी. मी काय काय बोललो असेन ते सगळं इथे लिहीत नाही. पण जे बोललो ते निदान घरात बोललो. खरी गोष्ट त्यानंतर झाली, आखाजीला.

आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. अक्षय्य तृतीया. सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, घरोघरी आमरस आणि खापरावरची पुरणपोळी होते. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला ती आली. कुणी बोलावलं नव्हतं, तरी आली, जशी प्रत्येक लेक येते तशी. नवरा सोबत होता. हातात कापडी पिशवी होती. तिच्या सासूनं घरी वाळवलेला आमचूर होता त्यात. आमच्या ओट्यासमोर उभी राहून तिनं ती पिशवी माझ्यापुढे धरली. गल्लीत लोक होते. समोरच्या झोक्यावरच्या पोरींनी गाणं थांबवलं होतं.

मी पिशवीला हात लावला नाही. मी म्हणालो, "तोरणमाळची गाडी चारला लागते."

रोज माईकवर बोलतो त्याच आवाजात म्हणालो. तेच मला जास्त लागतं. रागानं बोललो असतो तर तिला रागाला उत्तर देता आलं असतं. तिनं पिशवी ओट्यावर ठेवली आणि ती दोघं आल्या पावली परत गेली. चारची गाडी त्या दिवशी वेळेवर सुटली. मला माहीत आहे, कारण मी घरी न थांबता स्टँडवर जाऊन उभा राहिलो होतो. माझी पाळी नव्हती. मी त्यांना दिसणार नाही असा, पाणपोईच्या मागे उभा राहिलो.

त्यानंतर मुलगी आमच्या दारात आली नाही. बायकोलाही मी जाऊ दिलं नाही. म्हणजे, जाऊ नकोस असं म्हणालो नाही. ती विचारायची तेव्हा मी गप्प बसायचो. आमच्या घरात माझ्या गप्प बसण्याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

आणि या मायलेकी वर्षभर एका खेळात भेटत होत्या. एकमेकींच्या झाडांना पाणी घालत होत्या, गायीची धार काढत होत्या. तोरणमाळला मोबाईलला रेंज धड नसते. रेंज आली की मुलगी वाडीत यायची, आणि ती आल्याची घंटी वाजली की माझी बायको हातातली भाकरी तव्यावर टाकून मोबाईल घ्यायची. वर्षभर मी थोड्या करपलेल्या भाकरी खाल्ल्या आणि बायकोचं वय होत चाललंय असं समजत होतो.

मला राग आला नाही. तो यायला हवा होता, म्हणून मी थोडा वेळ वाट पाहिली. मग मी विचारलं, "माले येता यई का तठे?"

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

"मी इचारसू," ती म्हणाली.

दोन-तीन दिवसांनी मुलीचा निरोप आला. "येऊ दे. सगळे येतात तसे येऊ दे." एवढाच.

सगळे येतात तसे, याचा अर्थ मला खेळात शिरल्यावर कळला. शेजारी म्हणून मुलीनं आपल्या आईला फाटकाची किल्ली दिली होती. तशी किल्ली नसलेल्याला नावेचं भाडं भरून जावं लागतं, आणि ते भाडं नाण्यांत असतं. नव्या खेळाडूकडे नाणी नसतात. त्याला मिळते एक पडकी झोपडी, एक झाडू आणि एक बादली. नाव सोडणारा मिशाळ नावाडी काठावर उभा असतो. त्याच्यापुढे जाऊन उभं राहिलं की तो दर वेळी म्हणतो, "आपली शिल्लक अपुरी आहे." खेळातलं मराठी असंच होतं, आमच्या ऑफिसातल्या पत्रांसारखं.

पंचावन्नाव्या वर्षी मी असा नवखा झालो. बायको शेजारी बसून शिकवायची.

"पह्यले झाडू ल्या."

"कसाले?"

"पानं झाडाले. नवा मानूसले दुसरं कोन काम देस?"

गावच्या चौकात एक मोठं वडाचं झाड आहे. त्याची पानं सारखी गळतात. ती झाडून ढीग केला की एक नाणं मिळतं. चौकात माझ्यासारखे आणखी नवखे असायचे, सगळे झाडू घेऊन. कुणी एका कोपऱ्यावर हक्क सांगायचा, कुणी दुसऱ्यानं केलेला ढीग उचलून पळायचा. मी शिकलो की पहाटे पानं जास्त पडलेली असतात आणि माणसं कमी. पहिल्या पाळीला निघण्याआधी चहा उकळेपर्यंत मी चौक झाडून घ्यायचो.

दुसरा मार्ग पाण्याचा. दुसऱ्याच्या सुकत चाललेल्या झाडाला पाणी घातलं की तो मालक काही देत नाही, पण खेळ देतो. बायकोनं मला सुकलेली झाडं ओळखायला शिकवलं. पान कडेनं पिवळं व्हायला लागतं. हे तर खऱ्या शेतातही तसंच असतं, म्हणून मला ते पटकन जमलं आणि थोडा अभिमान वाटला. तिसरा मार्ग हजेरीचा. रोज खेळ उघडला की काही नाणी, आणि रोज न चुकता उघडला तर रोज थोडी जास्त. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. हजेरीच्या बाबतीत मी आयुष्यभर पक्का होतो. स्टँडवरची माझी हजेरी कधी चुकली नाही. घरच्या एकाच कार्याला, लेकीच्या लग्नाला, मी हजर नव्हतो.

जाहिराती बघूनही नाणी मिळतात. कसली कसली तेलं, कसली कसली कर्जं, अर्धा मिनिट बघत बसायचं आणि मग वरच्या कोपऱ्यात फुली येते. केबिनमध्ये गाडी नसायची तेव्हा मी जाहिराती बघायचो. कंडक्टर लोकांना संशय आला.

"साहेब, काय इतलं मन लाईसन देखी ऱ्हायनात?" एकानं विचारलं.

"जाहिरात."

"जाहिरात? लोक जाहिरात टाळतस, तुम्ही जाहिरात देखतस?"

मी सांगितलं, नाणी मिळतात. ते दोन दिवस हसत होते. मग त्यांच्यातला एक ड्रायव्हर, जो बंदुकांचा कुठलासा खेळ खेळतो, मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, झाडू मारत बसू नका. मोबाईलवरून रुपये टाका, पोतंभर नाणी येतात. पगारदार माणूस तुम्ही."

मी ते केलं नाही. ती वर्षभर त्या वाडीत पाणी घालते आहे आणि मी रुपये फेकून तिच्या फाटकाशी उभा राहायचं, हे मला बरं वाटलं नाही. मला झाडलेल्या पानांच्या नाण्यांनीच जायचं होतं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मनात मला फार बरं वाटायचं. आता वाटतं, तिथेच मी स्वतःवर खूश व्हायला लागलो होतो.

भाडं जमत आलं होतं तेव्हा एक फसवणूकही झाली. चौकात एक माणूस भेटला, फेटेवाला, फार गोड बोलायचा. नव्या माणसांना मदत करतो म्हणाला. तुमची नाणी माझ्या पेटीत ठेवा, उद्या दुप्पट करून देतो. मी ठेवली. तो फेटेवाला परत कधी दिसला नाही.

बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. "स्टँडवर दिनभर बोंबलतस, 'प्रवाशांनी पाकीटमारांपासून सावध राहावे.' आनि तुमनंच पाकीट गये!"

मीही हसलो. तिच्यासोबत असं हसून फार दिवस झाले होते. त्या दिवसांत घरात आम्ही दोघं पुष्कळ बोलायचो. कुठलं झाड कधी पिकतं, कुठे मासे लागतात, सरपणाचा भाव बाजारात कधी चढतो. ती मुलीबद्दलही मधून सांगायची. ती थकते म्हणून. डोंगरात बाळंतपणाला पायी जावं लागतं म्हणून. जावई तिला रात्रपाळीला सोडायला जातो म्हणून. मी ऐकायचो आणि पानं झाडायचो. मला वाटत होतं, एकेक ढीग झाडून मी थोडा थोडा वर चढतो आहे.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून शेवटी भाडं जमलं. त्या दिवशी माझी दुसरी पाळी होती. तळोद्याची गाडी सुटली, पुढची गाडी यायला वेळ होता, कँटीनच्या पोरानं चहा आणून ठेवला होता. बायकोनं मुलीला आधीच कळवलं होतं की आज बाबा येतील. मी नावाड्यापुढे उभा राहिलो. या वेळी त्यानं अपुरी शिल्लक म्हटलं नाही. नाव निघाली.

मुलीची वाडी बायकोच्या मोबाईलवर दुरून पाहिली होती, पण आत पाऊल ठेवल्यावर वेगळी वाटली. अंगण सारवल्यासारखं स्वच्छ. दारात दोन बाजा. तोरणमाळच्या तलावासारखं एक तळं तिनं खणून घेतलं होतं. आणि कडुनिंबाला झोका बांधला होता. खेळात झोका विकत मिळत असणार, त्याला नाणी पडत असणार. तिनंही कधीतरी पानं झाडली असतील त्या नाण्यांसाठी. तो झोका रिकामा हलत होता आणि मी चहाचा कप हातात धरून केबिनमध्ये बसून होतो.

मग दार उघडलं आणि ती बाहेर आली. म्हणजे खेळातली, निळ्या साडीतली. तिच्या हातात टोपली होती. टोपलीत पिकलेल्या पपया होत्या. त्या खेळात पपईला सगळ्यात जास्त दिवस लागतात, हे मला आता ठाऊक होतं. लहानपणी ती आमच्या शेतात कच्ची पपई तिखटमीठ लावून खायची आणि पोट दुखलं की माझ्यावर रागवायची. तिनं टोपली माझ्यापुढे ठेवली. माझ्या पडद्यावर दोन चौकोन आले. एकावर लिहिलं होतं, स्वीकारा. दुसऱ्यावर, नको.

आमच्याकडे बाप लेकीच्या घरचं खात नाही. दिलेल्या लेकीच्या घरचं पाणीही पीत नाही. हल्लीचे लोक मानत नाहीत, पण आमच्या घरात मानलं जात होतं. माझे वडील माझ्या बहिणीच्या गावी जायचे तेव्हा पाण्यानं भरलेला तांब्या पिशवीत घालून न्यायचे. तिच्या दारात बसायचे, नातवंडांना मांडीवर घ्यायचे, दुपार झाली की उठून गावाबाहेर झाडाखाली जाऊन सोबतची भाकरी खायचे आणि परत येऊन बसायचे. बहीण रडायची, पण तिला ते चुकीचं वाटायचं नाही. बापानं आपल्या घरचं घेतलं नाही म्हणजे बापानं आपल्याला सासरी नांदणारी मानलं, असं ते होतं. माहेरात बसून राहिलेल्या लेकीच्या हातचं बाप खातोच की. दिलेल्या लेकीचंच खात नाही.

मी त्या टोपलीकडे पाहिलं आणि माझा हात आपोआप मागे आला. हे तिचं घर आहे, असं माझ्या मनात आलं. तिचं, आणि तिच्या नवऱ्याचं. कोर्टात लग्न झालं त्या दिवसापासून मी हे एकदाही मनात येऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी, त्या काचेच्या केबिनमध्ये, मी पहिल्यांदा लेकीला दिलेली लेक मानलं. मी 'नको' दाबलं. आणि खेळात हात जोडायची एक खूण असते, ती दाबून हात जोडले.

ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग टोपली उचलून आत गेली. दार लागलं. मला वाटलं, रेंज गेली.

मी खुशीत घरी आलो. हे मला लिहायलाच हवं. वाटेत मी गूळ आणि शेंगदाणे घेतले. बायकोला म्हणालो, "जाई उनू. वाडी भारी शे तिनी."

"काही दिधं का तिनी?"

"पपई दिधी. मी लिधी नई."

बायको भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

"काय करं तुम्ही?"

"लेकना घरनं कसं लेवानं?"

ती उठली. राखेचे हात तसेच. "अहो, ते खेळमा शे! खेळमा कसानं सासर न् कसानं माहेर? मी सालभर लेस तिना घरनं. दूध लिधं, आंडा लिधा. ती देस, मी लेस, त्याच करता जातस ना तठे!"

"तू आई शे."

"मी आई शे म्हनीसन काय? माले नई का रीत?" ती ओरडली. मग खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "तिनी आखाजीले बी पिशवी धरी व्हती. तुम्ही लिधी नई. आते बी नई लिधी."

तोपर्यंत मला ती पिशवी आठवली नव्हती. खरं सांगतो, त्या क्षणी केबिनमध्ये ती माझ्या मनातही आली नव्हती. मी माझ्या वडिलांचा तांब्या आठवत बसलो, आणि तिला आठवली ती ओट्यावरची पिशवी. मुलीच्या मोबाईलवर त्या दिवशी काय आलं, ते बायकोनं नंतर मला दाखवलं, कारण बायकोची भेट एकदा कुणीतरी चुकून नाकारली होती तेव्हा तिच्याही मोबाईलवर तेच आलं होतं. "पाहुण्याने आपली भेट नाकारली आहे." हात जोडल्याचं त्यात काही येत नाही.

बायकोनं तिला फोन लावला. रेंज नव्हती. चार दिवसांनी लागला. बायको सांगत राहिली: त्यांनी तुला दिलेली लेक मानलं म्हणून घेतलं नाही, तुझे आजोबाही असेच होते, आत्याला विचार. मी आतल्या खोलीत उभा राहून ऐकत होतो. मुलगी काय म्हणाली ते बायकोनं मला तसंच सांगितलं. ती म्हणाली होती, "आई, जाऊ दे. मी किती दिवस ती पपई राखली होती. त्यांना घ्यायचंच नसतं."

मी फोनवर गेलो नाही. बायकोनं फोन माझ्याकडे केला होता. मला वाटलं, मी बोलायला लागलो की तोच माईकवरचा आवाज निघेल.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पानं झाडून नाणी जमवायला लागलो. पुरेशी झाल्यावर नावाड्याकडे गेलो. तो म्हणाला, "ही वाडी पाहुण्यांसाठी बंद आहे." शिल्लक पुरेशी होती. ती अपुरी असताना निदान काय करायचं ते माहीत होतं.

मग मी माझ्या त्या पडक्या झोपडीशेजारी पपई लावली. रोज पाणी घातलं. पिकल्यावर बायकोला दिली, तू जाशील तेव्हा तिच्या फाटकाला लाव म्हणालो. बायकोनं टोपली लावली. खेळात फाटकाला लावलेलं फळ मालकानं उचललं नाही तर काही दिवसांनी काळं पडतं आणि मग नाहीसं होतं. बायको रोज तिकडे जायची, मुलीशी बोलायची, झाडांना पाणी घालायची, आणि येताना फाटकाकडे पाहायची. मी विचारायचो नाही. एक दिवस ती म्हणाली, "काळी पडीसन गयी," आणि पोळी लाटायला लागली.

या वर्षी आखाजी जवळ आली तेव्हा बायको म्हणाली, "मी जाई ऱ्हायनू तिना घर."

आखाजीला लेकी माहेरी येतात. आई लेकीकडे गेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मी गप्प बसलो. या वेळी माझ्या गप्प बसण्याचा उपयोग झाला नाही. तिनं पुरण शिजवलं, आंबे बांधले, नवी साडी पिशवीत घातली.

"तठे जेवशी?" मी विचारलं.

"जेवसू. पोटभर जेवसू. तुम्ही बी चला."

"ड्युटी शे."

"बदली करा. इतला कंडक्टर, इतला बाबू, कोनी नई का तुमले बदली देवाले?"

होते. मी मागितली असती तर कुणीही दिली असती. पण मी त्या रात्री पडून विचार करत होतो, की मी तिच्या दारात गेलो आणि तिनं पाण्याचा पेला पुढे केला तर मी काय करणार. घेतला तर वडिलांचं मोडलं. तसं मोडलं तरी चालेल, असं मी स्वतःला बजावलं. पण मला माझ्या हाताचा भरवसा नव्हता. तो हात मागे येतो. आपोआप येतो. तिसऱ्यांदा आला तर? मग सकाळी उठून मी ड्युटीवर गेलो.

बायको एकटीच स्टँडवर आली. तोरणमाळची गाडी लागली होती. मी माईक हातात घेतला आणि म्हणालो, "तोरणमाळकडे जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे. प्रवाशांनी गाडीत बसून घ्यावे." ती गाडीत चढली. खिडकीशी बसली. कंडक्टरनं तिला ओळखलं.

"वहिनी, एकल्याच? साहेब नई का?"

"साहेब गाडी सोडतस," ती म्हणाली. "गाडीमा बसतस नई."

कंडक्टर हसला. त्याला ती थट्टा वाटली. काचेतून मला ते ऐकू आलं, कारण काच अर्धी उघडी होती. मी नोंद केली आणि गाडी सोडली.

ती दुसऱ्या दिवशी परत आली. चेहरा उजळला होता. सांगत होती: घर डोंगरउतारावर आहे, दारात मोहाचं झाड आहे, मुलीनं खरा झोका बांधलाय. जावयानं तिला तलाव दाखवला. मुलीची सासू तिच्याशी पावरीत बोलत होती आणि ती सासूशी अहिराणीत, दोघींना निम्मं कळत होतं आणि त्या निम्म्यावर त्या हसत होत्या. ती जेवली. पाणी प्यायली. मुलीनं दिलेली साडी तिनं घेतली. आमचूर घेतला. पिशव्या भरून आणल्या होत्या. ओट्यावर बसून ती एकेक वस्तू काढत होती आणि मी पाहत होतो. पिशवी रिकामी झाली. तिनं ती झटकून घडी केली.

मी विचारायला नको होतं. विचारलं.

"मन्हासाठे काही दिधं का?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, हे जास्त वाईट होतं.

"नई. मी म्हंटं तिले, बाबासले काही दे. ती म्हने, बाबा लेतस नई." मग म्हणाली, "रागमा नई म्हने ती. जशी कोनी पथ्य सांगस ना, तशी म्हने."

पथ्य. याला साखर चालत नाही, त्याला तेल चालत नाही, बाबांना आमच्या हातचं चालत नाही. तिनं ते आता गृहीत धरून टाकलं आहे. राग असता तर तो कधीतरी उतरला असता.

बायको आता महिन्या-दोन महिन्यांनी वर जाते. मी गाडी सोडतो. खेळात ती मुलीकडे रोज जाते. मीही खेळ सोडलेला नाही. हजेरी चुकत नाही. माझ्याकडे आता पुष्कळ नाणी आहेत, त्या ड्रायव्हरला सांगितलं तर त्याला खरं वाटणार नाही. मी झोपडी नीट केलेली नाही, गाय घेतलेली नाही. चौकात रोज नवे लोक येतात, झाडू धरता येत नाही त्यांना, कुठून सुरुवात करायची कळत नाही. मी त्यांना दाखवतो. पहाटे या म्हणतो, गर्दी नसते. फेटेवाल्यापासून जपा म्हणतो. त्यांचं भाडं जमतं आणि ते नावेत बसून जातात.

मग मी चौक झाडतो. वडाची पानं पडतच असतात.